कापरेकरांचा ६१७४, हॅस्केल आणि न दिसणारा अ

कामावर मी दिवसभर जी भाषा लिहिते तिच्यात लूप आहेत, व्हेरिएबल आहेत, एखादी किंमत बदलायची तर सरळ बदलून टाकायची, आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. हॅस्केल ही भाषा हातात घेतली ती निव्वळ हौस म्हणून. तिच्यात एकदा दिलेली किंमत बदलत नाही, सगळं काम फंक्शनं एकमेकांना जोडून करायचं, त्यालाच फंक्शनल प्रोग्रॅमिंग म्हणतात. फंक्शनल प्रोग्रॅमिंगबद्दल लोक फार मोठमोठं बोलतात, मोनाड म्हणजे काय यावर तर प्रत्येकाचं आपापलं प्रवचन तयार असतं, म्हटलं प्रवचनं राहू देत, आपण त्यात गणिताची कोडी सोडवू आणि जमलंच तर मराठी मजकुराची थोडीफार मोजदाद करू. दोन्ही उद्योग वेगवेगळे वाटत होते पण गाडी अडायची ती दरवेळी एकाच ठिकाणी, मोजायचं एकक कुठलं आणि कुठल्या दोन गोष्टी सारख्या धरायच्या. ते एकदा ठरलं की प्रोग्राम चार ओळींचा.

सुरुवात कापरेकरांपासून केली, मराठी माणसाने दुसरी कुठून करायची. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) देवळालीला शाळेत शिक्षक होते आणि संख्यांशी खेळणं हा त्यांचा आयुष्यभराचा नाद. १९४९ मध्ये त्यांनी ६१७४ ची गंमत मांडली. कुठलीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत, अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या क्रमाने लावा, मोठीतून छोटी वजा करा, आणि जे येईल त्यावर परत तेच. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२, मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४, आणि ६१७४ वर तेच केलं की परत ६१७४. जास्तीत जास्त सात पायऱ्या, तेवढ्यात कुठलीही संख्या तिथे पोचतेच.

हॅस्केलमध्ये हे लिहिताना लूप किती वेळा फिरवू हा प्रश्न मुळात विचारायचाच नसतो. एक पायरी करणारं फंक्शन लिहायचं, ते इटरेटला द्यायचं, आणि इटरेट त्या संख्येपासून निघणारी न संपणारी लिस्ट हातात ठेवतं. न संपणारी म्हटलं की मेमरी खलास असं वाटतं पण भाषा लेझी आहे, मागितल्याशिवाय पुढचा आकडा काढतच नाही, मग टेकव्हाइल लावून ६१७४ येईपर्यंतचे द्या म्हणायचं आणि लांबी मोजायची, झालं. ११११ सारख्या संख्या तेवढ्या आधी गाळायच्या, कारण तिथे पहिल्याच पायरीला शून्य येतं, शून्याचं पुढे शून्यच, ६१७४ काही येत नाही आणि प्रोग्राम बसतो वाट बघत. दुसरी बारीक गोष्ट पुढच्या शून्याची. १००० वजा ०००१ म्हणजे ९९९, ही तीन अंकी धरली तर पुढे ९९९ वजा ९९९ शून्य आणि खेळ संपला, पण ०९९९ अशी चार अंकी धरली तर ८९९१, ८०८२, ८५३२, ६१७४ असा रस्ता सरळ लागतो. म्हणून साधा पूर्णांक न ठेवता चार अंकांची लिस्ट हाच टाइप, म्हणजे माहितीचा प्रकार, ठरवला की ही भानगडच राहत नाही. आधी टाइप ठरवा मग बोला हा हॅस्केलचा हट्ट मला पहिल्यांदा पटला तो इथे.

खरी मजा त्यानंतरची. १००० ते ९९९९ सगळ्यांवर चालवणं कॉम्प्युटरला किरकोळ आहे, पण त्या पायरीच्या फंक्शनकडे जरा बघत बसलं की दिसतं की ते सगळ्यात आधी अंक सॉर्ट करतंय, म्हणजे ३५२४ आणि ४२५३ त्याच्या लेखी एकच. क्रम विसरला की चार अंकांचे गट उरतात ७१५, त्यातले सगळे अंक सारखे असलेले दहा काढले की ७०५. अजून पुढे जाता येतं. उतरत्या क्रमाने अंकांना अ, ब, क, ड म्हटलं तर वजाबाकी होते ९९९ गुणिले (अ − ड) अधिक ९० गुणिले (ब − क). म्हणजे चार अंकसुद्धा लागत नाहीत, दोन फरक पुरे, बाहेरच्या जोडीचा आणि आतल्या जोडीचा. बाहेरचा १ ते ९, आतला ० पासून फार तर बाहेरच्याइतका, अशा जोड्या होतात फक्त ५४. नऊ हजार संख्यांची गोष्ट ५४ वर आली! ६१७४ चे अंक ७, ६, ४, १, बाहेरचा फरक ६, आतला २, आणि ५९९४ अधिक १८० म्हणजे पुन्हा ६१७४. या ५४ जोड्या कागदावर लिहून कुठली कुठे जाते ते बाणांनी जोडलं की सगळे बाण शेवटी ६ आणि २ या जोडीला येऊन मिळतात, आणि हे हाताने तपासता येतं, त्याला कॉम्प्युटर कशाला.

पाच अंकी घेतल्या तर मधला अंक वजाबाकीत उडूनच जातो, ९९९९ आणि ९९० च्या पटी उरतात, जोड्या परत ५४ च, पण इथे एक मुक्काम नाही. तीन वेगवेगळी चक्रं आहेत, सगळ्यात छोटं ५३९५५ आणि ५९९९४ या दोघांचं, ते एकमेकांकडे टोलवत बसतात. त्यामुळे टेकव्हाइलने भागत नाही, वाटेत भेटलेल्या संख्या सेटमध्ये ठेवत जायचं आणि ओळखीचा चेहरा दिसला की थांबायचं.

अक्षरांना अंक देऊन बेरीज जुळवायची कोडी मग ओघानेच आली. इंग्रज कोडेकार हेन्री ड्यूडनीचं १९२४ चं सेंड अधिक मोअर बरोबर मनी (SEND + MORE = MONEY) हे त्यातलं सगळ्यात गाजलेलं, इंग्रजी स्पेलिंगमधली आठ अक्षरं, उत्तर एकच, ९५६७ + १०८५ = १०६५२. आठ अक्षरांना वेगवेगळे अंक द्यायचे प्रकार १८,१४,४०० होतात, सगळे तपासले तरी चालतं, पण एककापासून एकेक स्तंभ हातचा धरून सोडवत गेलं तर त्यातले बहुतेक जन्मालाच येत नाहीत. लिस्ट मोनाड इथे कळला, म्हणजे कुठल्याही प्रवचनाशिवाय. या अक्षराला यातला कुठलाही अंक दे, त्या अक्षराला उरलेल्यातला कुठलाही दे, बेरीज जुळली तर ठेव, एवढंच लिहायचं आणि सगळे पर्याय फिरवून बघायचं काम लिस्ट आपलं आपण करते.

मग साहजिकच मराठीत करून बघायची खुमखुमी आली. एक + एक = दोन. ए, क, दो, न असे चार अंक, सगळे वेगळे, पहिला शून्य नको. उत्तरं निघाली २३! १३ + १३ = २६ पासून ४८ + ४८ = ९६ पर्यंत. कोडं म्हणून अगदीच टाकाऊ, कारण कोड्याचं उत्तर एकच हवं. आपले आकड्यांचे शब्द दोन-दोन अक्षरांचे, बेरजेला दोनच स्तंभ मिळतात, अट कुठून कडक होणार. पण त्यात मी 'दो' हे एक अक्षर धरलं, द आणि ओकार वेगळे धरले नाहीत, ते इतकं सहज की तेव्हा जाणवलंही नाही. कॉम्प्युटरला मात्र ते अजिबात सहज नाही.

हे कळायला उलटसुलट सारखी वाक्यं पुरली. 'रामाला भाला मारा', 'टेप आणा आपटे', 'ती होडी जाडी होती', ही आपण लहानपणापासून ऐकतो. हॅस्केलमध्ये स्ट्रिंग म्हणजे कॅरेक्टरची लिस्ट, रिव्हर्स केली आणि मूळ स्ट्रिंगशी ताडून बघितली की संपलं, कुठल्याही पुस्तकातलं पहिलं उदाहरण. आता 'रामाला' रिव्हर्स करा. युनिकोड म्हणजे कॉम्प्युटरवर प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक खुणेला क्रमांक देणारी पद्धत, तिच्या हिशेबात तो शब्द र, काना, म, काना, ल, काना असा आहे, त्यामुळे उलटा शब्द सुरू होतो काना घेऊन, आणि स्क्रीनवर तुटका गोल काढून त्याला काना लटकवलेला दिसतो. 'मध्यम' त्याहून छान. आपल्याला तीन अक्षरं दिसतात, म, ध्य, म, म्हणजे उलटंसुलटं सारखंच, पण आत आहेत पाच कॅरेक्टर, म, ध, हलन्त, य, म, आणि उलटं केलं की होतं 'मय्धम'.

तेव्हा आधी अक्षर पाडणारं फंक्शन हवं. नियम सांगायला सोपा, मात्रा, अनुस्वार, विसर्ग, हलन्त आला तर तो आधीच्याला चिकटतो, आणि आधीचं हलन्तावर संपत असेल तर पुढचं व्यंजन पण त्यालाच चिकटतं. लायब्ररीतलं ग्रुपबाय इथे कामाचं नाही, ते गटातल्या पहिल्या सदस्याशी तुलना करतं आणि आपल्याला लगतच्या शेजाऱ्याशी करायची असते, म्हणून फोल्डआर घेऊन उजवीकडून गोळा करत यायचं. युनिकोडचे स्वतःचे पण तुकडे पाडायचे नियम आहेत, पण २०२३ च्या १५.१ आवृत्तीपर्यंत त्यांच्यात 'क्षि' चे हलन्तापाशी दोन तुकडे पडायचे, जोडाक्षर अखंड ठेवायचा नियम त्या आवृत्तीत आला. आपलं फंक्शन तयार झालं आणि तिन्ही वाक्यं पास झाली. 'चिमा काय कामाची' मात्र नापास, पहिली चि ऱ्हस्व आणि शेवटची ची दीर्घ. कानाला ते वाक्य पास आहे, प्रोग्रामला नाही, आणि वेलांट्या सारख्या धरणारं एक वेगळं समानतेचं फंक्शन दिलं की प्रोग्रामलाही पास. दोन्ही उत्तरं बरोबर.

मोजदादीकडे वळल्यावर हीच कटकट दसपट झाली. मजकूर म्हणून मराठी विकिपीडियाचा डंप, म्हणजे सगळ्या लेखांची एकत्र फाइल, घेतला, तो कोणालाही उतरवून घेता येतो. शब्द वेगळे करायचे म्हणजे अक्षर नसलेलं सगळं गाळायचं, त्यासाठी इझअल्फा नावाचं तयार फंक्शन आहे, आणि ते मात्रांना अक्षर मानतच नाही, युनिकोडमध्ये त्यांची वर्गवारी खूण अशी आहे. परिणाम असा की 'मराठी' गाळणीतून बाहेर येते ती 'मरठ' होऊन. सोबत इझमार्क पण लावावं लागतं. स्ट्रिंग वापरायची तर दुसरं दुखणं मेमरीचं. चौसष्ट बिटच्या मशीनवर हॅस्केलचा जीएचसी कंपायलर लिस्टच्या एका कडीला २४ बाइट घेतो आणि आतल्या कॅरेक्टरला आणखी १६. इंग्रजी अक्षरांचे हे १६ वाचतात कारण पहिली २५६ कॅरेक्टर आधीच करून ठेवलेली असतात, देवनागरीला ती सवलत नाही, म्हणजे एका कान्याला ४० बाइट! तोच काना यूटीएफ-८ या मजकूर साठवायच्या नेहमीच्या रीतीत ३ बाइटचा. मग स्ट्रिंग सोडून टेक्स्ट हा टाइप घेतला, मोजणीला स्ट्रिक्ट, म्हणजे हिशेब लगेच करून टाकणारा, मॅप आणि तसाच फोल्ड घेतला, कारण लेझी फोल्ड बेरीज न करता 'नंतर करू' च्या चिठ्ठ्या साठवत बसतो आणि शेवटी त्या चिठ्ठ्यांनीच मेमरी भरते. कापरेकरांच्या वेळी ज्या लेझीपणाचं कौतुक केलं तोच इथे नको होतो.

शब्दांच्या यादीत वरती 'आहे', 'आणि', 'या' ही अपेक्षित मंडळी, आणि खाली एकदाच आलेल्या शब्दांची भलीमोठी शेपटी. झिफचा नियम म्हणतो की शब्दाचा क्रमांक आणि त्याची वारंवारता यांचा गुणाकार साधारण स्थिर राहतो, आणि दोन्हींचे लॉग घेऊन आलेख काढला की तिरकी रेघ दिसते, ती दिसलीच. मराठीत शेपटी जास्त लांबते त्याला कारण उघड आहे, घर, घरात, घरातून, घराच्या, घरासमोरच्यांनीसुद्धा, हे सगळे मोजणीला वेगवेगळे शब्द. प्रत्यय सोडवून मूळ शब्द काढणं हा माझा विषय नाही, तो उद्योग मी मुद्दाम हातात घेतला नाही.

अक्षरांच्या मोजणीत जास्त रस होता. कॅरेक्टर मोजली तर काना सगळ्यांच्या पुढे, आणि हलन्त, र, त, य, न वगैरे वरच्या रांगेत. आता यात अ कुठे आहे? 'मगर' मध्ये म, ग, र ही तीन व्यंजनं लिहिलेली आहेत आणि अ एकदाही नाही, कारण व्यंजनातला अ लिहायचाच नसतो. म्हणजे मराठीत इतक्या वेळा येणारा स्वर यादीत जवळपास दिसतच नाही, फक्त 'अजून', 'अगदी' अशा शब्दांच्या तोंडाशी स्वतंत्र आला तेवढाच मोजला जातो. हे डोक्यात आलं ते रशियन गणिती आंद्रेई मार्कोव्हने केलेलं काम परत करून बघताना. त्याने १९१३ मध्ये पुश्किनच्या येवगेनी ओनेगिन या काव्य-कादंबरीतली २०,००० अक्षरं हाताने मोजली होती, ८,६३८ स्वर आणि ११,३६२ व्यंजनं, आणि दाखवलं की आधीचं अक्षर स्वर असेल तर पुढचं स्वर असायची शक्यता ०.१२८ आणि आधीचं व्यंजन असेल तर ०.६६३. पुढची पायरी फक्त आत्ताच्या पायरीवर अवलंबून असते त्या मार्कोव्ह साखळीची सुरुवात तिथली. हॅस्केलमध्ये हे झिप एवढंच आहे, लिस्ट आणि तिचीच एक पाऊल पुढे सरकवलेली प्रत एकमेकींना जोडायची आणि जोड्या मोजायच्या. काम झिपच्या आधीचं. ज्या व्यंजनापुढे मात्रा नाही, हलन्त नाही, तिथे अ घालायचा. पण मग 'घर' च्या शेवटी पण अ येतो, जो आपण बोलताना म्हणत नाही, आणि 'करवत', 'बोलका' मध्ये मधला कुठला गळतो त्याला पुन्हा वेगळे नियम. म्हणून मी लिहिलेल्या अ चा आणि उच्चारलेल्या अ चा असे दोन तक्ते ठेवले. लिहिल्याप्रमाणे अ भरला तर स्वर-व्यंजन आळीपाळीने येणं फार शिस्तशीर दिसतं, गळलेले अ काढले की व्यंजनाला व्यंजन भिडायला लागतं. मार्कोव्हचा आकडा मराठीला किती, असं कोणी विचारलं तर आधी मी विचारणार, कुठली मराठी, लिहायची की बोलायची.

या सगळ्यात सगळ्यात छळलं ते 'दुसऱ्या', 'तऱ्हा' मधल्या र ने. तो अर्धा र टाइप करायच्या दोन रीती आहेत, एक नुक्ता असलेला ऱ आणि हलन्त, दुसरी साधा र, हलन्त आणि वर झिरो विड्थ जॉइनर नावाचं डोळ्यांना न दिसणारं कॅरेक्टर. स्क्रीनवर दोन्ही तंतोतंत सारखी दिसतात आणि मोजणीत 'दुसऱ्या' दोन वेगवेगळे शब्द म्हणून दोन ठिकाणी बसतो. युनिकोडचं नॉर्मलायझेशन र आणि सुटा नुक्ता जोडून ऱ करून देतं पण जॉइनरवाल्या रीतीला हात लावत नाही. वर तो जॉइनर ना अक्षर ना खूण, त्यामुळे गाळणीत शब्दच मधून तुटतो. मजकूर आत येतानाच सगळ्याचं ऱ करून टाकणारं एक फंक्शन सगळ्यांच्या पुढे बसवलं.

अक्षरं पाडता यायला लागली तेव्हा आपसूक वृत्तांकडे गेले. शाळेत पाठ केलेलं 'यमाताराजभानसलगा' आठवतंय ना? दहा अक्षरं, कुठल्याही ठिकाणापासून सलग तीन घ्या, पहिल्या अक्षराच्या नावाचा गण, म्हणजे तीन अक्षरांचा लघु-गुरू गट, मिळतो. लघु-गुरूत लिहिलं तर ल गा गा गा ल गा ल ल ल गा. टेल्सने सगळ्या शेपट्या काढल्या, प्रत्येकीची पहिली तीन घेतली, आठ तुकडे आले आणि आठही वेगळे, एकही पुन्हा नाही, एकही राहिलेला नाही. दोन चिन्हांचे तीन-तीनचे आठच प्रकार होऊ शकतात आणि ते सगळे दहा अक्षरांत कोंबलेत, याहून कमीत बसतच नाहीत. गणितात याला डी ब्रॉइन या गणितीच्या नावाने डी ब्रॉइन मालिका म्हणतात, त्याचा त्यावरचा पेपर १९४६ चा. मग सगळ्या दहा अक्षरी लघु-गुरू मालिका, एकूण १,०२४, त्यातल्या किती अशा आहेत ते काढलं, फक्त १६. आणि सोळाच्या सोळा जिथे सुरू होतात त्याच जोडीवर संपतात, आपल्यातही सुरुवातीला 'य मा' लघु-गुरू आणि शेवटी 'ल गा' लघु-गुरू, म्हणजे दोन टोकं एकमेकांवर ठेवून आठ अक्षरांचं कडं करता येतं. अशी कडी दोनच आहेत, एकमेकांची उलट, आणि प्रत्येक आठ ठिकाणांपासून म्हणता येतं, आठ दुणे सोळा. झोपेत पण म्हणता येईल असं हे सूत्र मी कधी असं बघितलंच नव्हतं.

याच गल्लीत बाराव्या शतकातला जैन पंडित हेमचंद्र भेटतो. लघुची एक मात्रा, गुरूच्या दोन, तर अमुक मात्रांची ओळ किती प्रकारे बसते, १, २, ३, ५, ८, १३, २१, आठ मात्रांना ३४. त्याने हे साधारण ११५० च्या सुमाराला लिहिलंय, ही मालिका पुढे ज्याच्या नावाने ओळखली गेली त्या फिबोनाचीचं पुस्तक १२०२ चं. शेवटी लघु आला तर आधीच्या एक मात्रा कमीच्या ओळी, गुरू आला तर दोन कमीच्या, हेच त्याचं कारण, आणि हॅस्केलमधली फिबोनाचीची ती प्रसिद्ध एका ओळीची व्याख्या, लिस्ट आपल्याच शेपटीत मिळवून स्वतःला वाढवते ती, अगदी हेच बोलते.

ओळ दिली की लघु-गुरू लावणारा प्रोग्राम मात्र अजून चालूच आहे. ऱ्हस्व ते लघु, दीर्घ आणि अनुस्वारवाले गुरू, पुढे जोडाक्षर असेल तर आधीचा ऱ्हस्व पण गुरू, 'सज्जन' मधला स जसा. मनाचे श्लोक भुजंगप्रयातात आहेत, लगागा चारदा, त्यामुळे तपासायला उत्तम, आणि बऱ्याच ओळी झटक्यात बसतात. अडतं ते 'तुझ्या', 'दुसऱ्या' पाशी. जोडाक्षर आहे पण आधीच्या अक्षरावर आघात येत नाही, त्यामुळे तु लघुच राहतो. म्ह, न्ह, ल्ह चं पण बहुतेकदा तसंच. झ्या सरसकट सोडून द्यावा तर 'माझ्या' ला फरक पडत नाही, मा दीर्घच आहे, पण बाकी य लागलेली जोडाक्षरं काही ठिकाणी आघात घेतात आणि काही ठिकाणी नाही, आणि पुढच्या शब्दाच्या सुरुवातीला जोडाक्षर असेल तर कवी आपल्या सोयीने वागतो. हे नियमात बसवायचा नाद मी सोडला. जिथे संशय आहे तिथे फंक्शन लघु आणि गुरू दोन्ही परत देतं, लिस्ट मोनाड ओळीची सगळी वाचनं करून ठेवतो, आणि माहीत असलेल्या वृत्तांत जे बसेल ते उचलायचं. बहुतेक ओळींना एकच वाचन उरतं, काहींना दोन उरतात, तेव्हा मी दोन्ही छापते.